मेलेल्या माशांचा पंचनामा

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांधसारखे विस्तीर्ण जलाशय आणि गावोगावचे माजी मालगुजारी तलाव हीच येथील ढीवर समाजाची शेती. अशा तलावात एखाद्या पहाटे मेलेले मासे तरंगू लागले, की ‘कुणीतरी विष कालवले’ असा पहिला उद्गार निघतो. दुर्गंधी सुटते, मासे पुरले जातात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही पुरला जातो.

वस्तुतः विषाखेरीज इतर कारणेही तितकीच घातक असतात. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो. उन्हाळ्यात पाणी आटते, गाळ कुजतो, रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात. पहाटे त्याचा नीचांक येतो. आभाळ भरलेले राहिल्यास दिवसा भरपाईही होत नाही. मासे पृष्ठभागी येऊन तोंड वासतात. बहुधा मोठे मासे आधी दगावतात. लहानमोठे सारेच एकाएकी मेले, तर विषाचा संशय रास्त ठरतो. थंडीत मरळीच्या अंगावर व्रण दिसले, तर १९८८ मध्ये भारतात प्रथम आढळलेल्या व्रणरोगाची शंका घ्यावी.

ज्याची कारणे अशी वेगळी ओळखता येतात, त्याचे भाकीतही करता येते. तलावाची पातळी, पाण्याचे तापमान आणि पहाटेचा प्राणवायू यांची उन्हाळाभर नोंदवही ठेवली, तर धोका आधी कळेल. मासे वेळीच काढता येतील वा ताजे पाणी सोडता येईल. प्रत्येक तलावावर प्रयोगशाळा कशी उभारणार, हा आक्षेप गैरलागू आहे. नोंदी ढीवरांनी ठेवाव्यात, चाचणी जवळच्या महाविद्यालयाने करावी, बर्फातील नमुना मत्स्यव्यवसाय खात्याने तपासावयास धाडावा. जलचर रोगांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्येच सुरू झाला.

प्रश्न अखेर न्यायाचा आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि हे तलाव शासनाकडे आले. ठेक्याची रक्कम मात्र सहकारी संस्था भरते. कारण सिद्ध न झाल्यास नुकसान तिच्याच माथी बसते. रोहू-कटल्याच्या बीजाची निदान पावती असते. तलावात आपसूक वाढणाऱ्या देशी माशांची कुठेच नोंद नसते. ज्या मालमत्तेची मोजदाद नाही, तिच्या नाशाची भरपाई कोण देणार? पंचनाम्याचा कागद हाच येथे गरिबाच्या हक्काचा पहिला दस्तऐवज आहे.