चोवीस पट झूम आणि हललेली काच

तीन महिने मी स्वतःला भिकार नेमबाज समजत होतो. कधी वाटायचं श्वास चुकतोय, कधी ट्रिगर ओढताना खांदा हलतोय, कधी ऐन वेळी डोळा मिटतोय. जुन्नरच्या बाजूला मामाचं शेत आहे. तिथल्या उंच मातीच्या बांधासमोर मी शनिवार-रविवारी कागदी टार्गेट लावायचो. पाच छर्रे मारले की तीन एका जागी आणि दोन भलतीकडे, दोन बोटं खाली. पुढच्या पाचांत नेमकं उलटं. मामा एकदा बाजेवरून म्हणाला, "एवढी मोठी दुर्बीण लावून बी तुला कागद गावंना व्हय रे?"

दुर्बीण खरंच मोठी होती. सहा ते चोवीस पट झूम, पुढची काच ५० मिलिमीटरची. रायफल स्प्रिंग-पिस्टनची, नळी मोडून छर्रा भरायची, ०.१७७ बोअरची. आपल्याकडे विनापरवाना चालणाऱ्या एअर रायफलला २० ज्यूलची मर्यादा आहे, त्या मर्यादेला जवळपास टेकलेली. रायफलच्या निम्मे पैसे मी एकट्या स्कोपला मोजले होते. विकणारा म्हणाला होता, "ही .३०८ वर टिकते साहेब, तुमची तर छर्ऱ्याची बंदूक." मला ते पटलं. डिग्री इंजिनिअरिंगची, न्यूटनचे तिन्ही नियम पाठ, तरी पटलं. त्या लाजेतून हे लिहितोय.

जोरदार स्प्रिंग रायफलवर स्कोप हा पहिला पर्याय नसावा, शेवटचा असावा, असं माझं म्हणणं आहे. ज्याला 'साधं' म्हणून आपण पहिल्याच दिवशी काढून खोक्यात टाकतो, ते लोखंडी साइट्सचं जोडकाम त्या रायफलवरचं सगळ्यात टिकाऊ उपकरण असतं. आणि 'जास्त झूम म्हणजे जास्त नेम' हे आपल्याला विकलं गेलेलं एक महागडं खोटं आहे.

आधी धक्क्याचं बघू. ट्रिगर ओढला की नळीच्या मागच्या सिलिंडरमधला पिस्टन स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो. साधारण ३०० ग्रॅमचा पिस्टन सेकंदाला १० मीटरने पळतोय असं धरा. त्याचा संवेग ३. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. तो सेकंदाला २७० मीटरने निघाला तरी त्याचा संवेग ०.१५ च्या आसपास. म्हणजे रायफलला हलवणारा खरा पैलवान छर्रा नाही, पिस्टन आहे, आणि तो वीसपट तगडा आहे. तो पुढे जाताना रायफल मागे येते. इथवर कुठल्याही बंदुकीसारखंच. पण काही मिलिसेकंदांत पिस्टन दाबलेल्या हवेच्या उशीवर आपटून थांबतो आणि मागे निघालेली रायफल झटक्यात पुढे फेकली जाते. आधी मागे, लगेच पुढे. हा दुसरा, उलटा झटका स्कोपचा जीव घेतो.

.३०८ चा धक्का मोठा असतो, पण तो एकाच दिशेचा. बहुतेक स्कोप त्या दिशेचा मार सोसायला बनवलेले असतात. स्कोपच्या आत एक छोटी नळी असते. वरचे आणि बाजूचे स्क्रू फिरवले की ती नळी सरकते आणि नेम बदलतो. तिला जागेवर दाबून धरते एक चिमुकली स्प्रिंग. दोन्ही दिशांनी हिसके बसायला लागले की ही पकड सैल होते. मग नळी कधी या जागी बसते, कधी त्या. माझे तीन छर्रे इथे आणि दोन तिथे का, याचं उत्तर हेच होतं. आमच्या क्षेत्रात याला फ्लेकी टेस्ट म्हणतात: कोड तोच, इनपुट तेच, तरी कधी पास कधी फेल. अशा वेळी शहाणा माणूस आधी टेस्टिंगची यंत्रणा तपासतो. मी तीन महिने स्वतःचा श्वास तपासत बसलो.

"मग भारी, दणकट, जड स्कोप घ्यायचा." हा सल्ला मला इतक्यांनी दिलाय की आता राग येतो. झटका तोच असेल, तर वस्तुमान जितकं जास्त तितका माउंटच्या स्क्रूंवर आणि पट्टीवर ताण जास्त. रायफल पुढे उडी मारते, पण जड स्कोप जडत्वाने जागेवरच राहू पाहतो आणि परिणामी पट्टीवरून मागे घसरतो. माझा घसरला होता. मी स्क्रू आणखी आवळले, इतके की स्कोपच्या नळीवर कड्यांचे वळ उठले. माउंटला खाली एक पिन असते, ती रायफलवरच्या भोकात बसवली की घसरणं थांबतं. एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नाही. झूमबद्दल मात्र सगळे भरभरून बोलले.

आता नळी मोडून भरायच्या रायफलचं एक गुपित. नळी बिजागरीवर उघडते-मिटते, आणि मिटल्यावर ती मागच्या सिलिंडरच्या अगदी सरळ रेषेत असेलच असं नाही. बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते. स्कोप बसतो सिलिंडरवर आणि छर्रा निघतो नळीतून. दोघांचं तोंड वेगळीकडे. कारखान्यातून आलेल्या साइट्स मात्र बहुतेक रायफलींवर पुढची आणि मागची दोन्ही नळीवरच असतात. नळी झुकली तर त्याही तिच्यासोबत झुकतात. हिशोब आपोआप जुळतो. शंभर वर्षं जुनी वाटणारी ही रचना या यंत्रासाठी जास्त हुशार आहे.

शेवटी एका रविवारी मी स्कोप उतरवला आणि प्लास्टिकच्या पिशवीतली मूळ साइट परत बसवली. छर्रे तेच, बांध तोच, १० मीटर अंतर तेच. पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. मी पाच मिनिटं कागदाकडे नुसता बघत उभा होतो. आनंद नंतर झाला. आधी आठवले ते तीन महिने.

सगळ्याच उघड्या साइट्स चांगल्या असं मी म्हणणार नाही. हल्ली पुढच्या-मागच्या साइटला हिरव्या-लाल चमकणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या लावतात. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली छान दिसतात. त्या ठिसूळ असतात, आणि उन्हात त्यांचा उजेड पसरून माशीची कडच दिसेनाशी होते. माझी पुढची काडी दोनेकशे छर्ऱ्यांत निखळून पडली. मी माशीला मार्करने काळं फासलं आणि नेम सुधारला. घेताना बघायचं ते लोखंड: माशी लोखंडी, वर संरक्षक बोगदा, मागच्या साइटचे स्क्रू खटखट वाजून जागेवर बसणारे.

"पण वय झालं की माशी दिसत नाही." हा आक्षेप खरा आहे. चाळीशी लागलेल्या डोळ्याला मागची खाच, माशी आणि टार्गेट एकदम स्पष्ट दिसत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे बारीक भोकाची पीप साइट. छोट्या भोकातून पाहिलं की जवळचं-लांबचं दोन्ही बरंच स्पष्ट होतं, कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर लहान केल्यावर होतं तसं. आत काचही नाही आणि सैल होणारी नळीही नाही. ती सिलिंडरवर बसते, त्यामुळे नळीच्या झुकण्याचा प्रश्न थोडा परत येतो. पण उंची जुळवून घेता येते.

आणि हे मागासलेपण नव्हे. ऑलिंपिकमधल्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीला परवानगीच नाही. तिथे सगळे भोकाच्या साइटनेच मारतात. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये त्याच खेळात सुवर्ण आणलं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं, तेही ५० मीटरवरून. त्यांच्या रायफली वेगळ्या, त्यांना हा दुहेरी हिसका नसतो, हे मान्य. पण झूमशिवाय ५० मीटरवर काय होऊ शकतं ते त्यांनी दाखवलंय, आणि आपण बांधासमोर २० मीटरवर चोवीस पट झूम मागतो!

"लांबचं मारायला स्कोप लागतो," म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो: लांबचं म्हणजे काय? पक्षी-प्राणी असतील, तर १९७२ चा वन्यजीव कायदा वाचा आणि बंदूक कपाटात ठेवा. पत्र्याचा डबा असेल, तर दहा पावलं पुढे जा.

तरीही कुणाला स्कोप हवाच असेल तर लहान, हलका, ठरावीक चार पटीचा घ्यावा. त्यात हलणारे भाग कमी. तो १० मीटरवर स्पष्ट दिसतो का ते दुकानातच बघावं, कारण बंदुकांचे बरेच स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात. माउंट एकसंध, पिनवाला. आणि "स्प्रिंग-पिस्टन रायफलवर चालेल" हे बिलावर लिहून मागावं. मी नंतर दोन दुकानांत मागून पाहिलं. एकाने हसून विषय बदलला. दुसऱ्याने "स्प्रिंगवर आम्ही गॅरंटी देत नाही" असं सरळ सांगितलं, आणि मी पीप साइट त्याच्याकडूनच घेतली.

ती आता रायफलवर आहे. मामा चाळीशी न लावता डबे पाडतो आणि माझ्याकडे बघतो. माझा स्कोप त्याने मागून घेतला. आतली नळी हलली तरी काचा चांगल्या आहेत. बाजेवर बसून तो त्यातून लांबच्या विहिरीवरच्या मोटरीचा लाल दिवा लागलाय का ते बघतो.