जोडधंदा : एका तळ्यात तीन ताटे

पावसाने तळी भरू लागली की मत्स्यबीजाची चौकशी सुरू होते. बहुतेकांची मागणी एकच, कटला द्या! कटला झपाट्याने वाढतो, बाजारात हातोहात खपतो, हे खरे. पण सगळे कटलेच सोडले तर वरच्या थरातल्या खाद्यावर झुंबड उडते आणि तळाचे खाद्य तसेच कुजते.

माशाचे तोंड नीट पाहा. कटल्याचे वर वळलेले. तो पृष्ठभागालगतचे सूक्ष्म जीव गिळतो. रोहू मधल्या थरात फिरून शेवाळ आणि पाणवनस्पती कुरतडतो. मृगळाचे तोंड खाली; तो गाळातले कुजके वेचतो. घर एक, पण ताटे तीन. मग भांडण कशाला?

तळे दहा गुंठ्यांचे असेल तर गुंठ्याला ५० या हिशेबाने ५०० बोटुकली पुरे. त्यांत २०० कटला, १५० रोहू, १५० मृगळ. पूर्वी नदीतले बीज धरून आणावे लागे, आणि त्यात कोणता मासा किती हे कळत नसे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन साधले. म्हणून आज आपल्याला जातवार मोजून बीज घेता येते. तेव्हा मोजूनच घ्या. स्वस्त मिळाले म्हणून दुप्पट सोडू नका. बांधावर गवत मुबलक असेल तर थोडे गवत्या मासे घाला, तेवढे रोहू कमी करा. गवत्याच्या विष्ठेने पाण्याला आयते खत मिळते. मांगूर मात्र कोणी कितीही गळ घातली तरी नको. आफ्रिकन मांगुरावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आहे, आणि तो इतर मासेही खातो.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात चिखल नसतो, म्हणून तिथे मृगळ थोडे कमी ठेवा. शेण पोत्यात भरून पाण्यात टांगा. हात कोपरापर्यंत बुडवून पाहा. तळवा दिसेनासा झाला की शेण बंद.

घरातल्या कोणीतरी पहाटे तळ्यावर एक फेरी मारलीच पाहिजे. मासे वर येऊन तोंडे उघडझाप करीत असतील तर ती भूक नव्हे, घुसमट आहे. पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो. कित्येकजण नेमकी तेव्हाच आणखी पेंड टाकतात! खाद्य आणि शेण थांबवा, ताजे पाणी सोडा, पंपाने तळ्यातलेच पाणी उंचावरून पाडा. फवारणीचे पंप तळ्यात धुऊ नका, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

राहिला उन्हाळा. बागेला पाणी की माशाला, हा तंटा मार्चमध्ये घरोघर होतो. तो बीज आणण्यापूर्वीच मिटवा. पाणी सात-आठ महिनेच टिकणार असेल तर बारीक बीज न घेता मोठी बोटुकली घ्या आणि तळे उतरू लागताच मासे काढा. पाणी बागेला जाईल, आणि माशांच्या खताने ते कसदारही झालेले असेल.