ट्रक खेळण्यातला, शिकवण कामाची

दिवाळीच्या सुटीत मुलांच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न दरवर्षी घरोघरी पडतो. फटाके क्षणात जळून जातात आणि मोबाईल एकदा हाती आला की सुटत नाही. यंदा गारगोटीतल्या आमच्या अभ्यासिकेने वर्गणी काढून मुलांना एक ट्रक दिला. तोही तयार नव्हे, तर सुटा. खोक्यात प्लास्टिकचे भाग, स्क्रूंच्या पिशव्या, चार मोठी रबरी चाके, एक मोटर आणि चित्रांचे पुस्तक होते. हा ट्रक जोडायचा, रेडिओवर चालवायचा आणि खाचखळग्यांतून पळवायचा.

वर्गणीच्या बैठकीत एका ज्येष्ठ बांधवांनी आम्हाला सरळ विचारले, "आमच्या बापजाद्यांनी जन्मभर हातानंच राबायचं. आता पोरं शिकाय लागली, तर त्यांच्या हातात परत पान्हाच देता व्हय? त्या पैशात पुस्तकं आली नसती?" प्रश्न रास्त होता. रेडिओ-संच, बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. सगळे मिळून खर्च पंधरा-वीस हजारांच्या पुढेच जातो. आमच्यासारख्या कारकुनाला ही रक्कम थोडी नव्हे. म्हणून त्या पैशात मुलांना काय मिळाले, याचा हिशेब वाचकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम थोडा इतिहास. तारेविना यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली होती. जपानच्या शिझुओका शहरातील तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातून सुरू झाली आणि पुढे प्रतिकृतींकडे वळली. १९७६ साली तिने पोर्शे ९३४ या मोटारीची रेडिओवर चालणारी प्रतिकृती काढली. १९७९ साली माती-वाळूत पळणारी 'रफ रायडर' ही बग्गी आणि १९८१ साली टोयोटा हायलक्स ट्रक आला. हे संच जगभर मुलांनी आणि मोठ्यांनी घरच्या टेबलावर जोडले.

आता जोडणीकडे येऊ. पहिल्या दिवशी आम्ही एक गोष्ट पाहिली. मुलगे स्क्रू ड्रायव्हर धरून बसले आणि मुलींच्या वाट्याला पुस्तक वाचून दाखवणे आले. हे कुणी ठरवले नव्हते, आपोआपच झाले. म्हणून नियम केला : एक पिशवी, एक जोडी, आणि जोडीत हत्यार आळीपाळीने धरायचे. डिफरन्शिअलची पिशवी आठवीतल्या एका मुलीकडे आली. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक घसटत जाईल. म्हणून मध्ये गिअरची अशी रचना करतात की दोन्ही चाकांना जोरही मिळतो आणि वेगवेगळ्या गतीने फिरताही येते. आपल्या एस.टी.त हेच आहे, ट्रॅक्टरमध्येही हेच आहे. त्या मुलीने ते जोडले आणि एक चाक हाताने फिरवून दुसरे उलटे फिरते हे सर्वांना दाखवले. तेव्हापासून तिच्या हातून स्क्रू ड्रायव्हर मागून घेण्याची कुणाची हिंमत झाली नाही.

कामाच्या काही खुणा घरी करणाऱ्यांसाठी सांगतो. स्क्रूच्या फुलीत नेमका बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्यावा. प्लास्टिकमध्ये स्क्रू बसला की थांबावे, जोर केला तर आटा मरतो. मोटरचा लहान गिअर आणि त्याला भिडणारा मोठा गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळावी व मग पट्टी काढावी. गिअर फार घट्ट भिडले तर मोटर तापते, ढिले राहिले तर दाते झिजून तुटतात. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेल भरल्यावर दांडा सावकाश वर-खाली करून हवेचे बुडबुडे निघू द्यावेत. सुरू करताना आधी हातातला रेडिओ चालू करावा, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रेडिओ. नाहीतर गाडी कुणाचेच न ऐकता सुटते. लिथियम बॅटरी असेल तर चार्ज होत असताना घर सोडून जाऊ नये आणि फुगलेली बॅटरी वापरू नये.

ट्रक जोडून झाला म्हणजे काम संपले, असे मुलांना वाटले होते. वेदगंगेच्या काठच्या खडकाळ पट्टीवर पहिल्या दिवशी तो बेडकासारखा उड्या मारू लागला. मग खरी शाळा भरली. आम्ही त्यांना आमच्या कचेरीतली एकच सवय दिली : नोंद. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. शॉकमध्ये पातळ तेल घातले, तर चाके जमिनीला धरून चालू लागली. मात्र उंचावरून पडताना बूड आपटू लागले. मग तेल थोडे जाड केले आणि स्प्रिंगवर एक कडी चढवली. मोटरचा गिअर लहान केला, तर चढण सहज चढू लागला, मोटर कमी तापली, पण सपाटीवरचा वेग घटला. वाणिज्य शाखेच्या माणसाला हे लगेच पटते. एका बाजूला जमा केले की दुसऱ्या बाजूला नावे पडतेच. फुकट काही मिळत नाही. आपल्याला काय हवे आणि त्यासाठी काय सोडायचे, हे ठरवावे लागते.

ज्येष्ठ बांधवांच्या प्रश्नाला आमचे उत्तर यातच आहे. आपल्या वाडवडिलांवर श्रम लादले गेले, पण त्या श्रमामागचे ज्ञान आणि त्याचा मोबदला त्यांच्यापासून दूर ठेवला गेला. दुःख हाताने काम केल्याचे नव्हते. 'का' असे विचारण्याची मुभा नव्हती, त्याचे होते. पान्हा धरणारी आपली मुलगी आज 'असे का झाले' हे विचारते, करून पाहते आणि लिहून ठेवते. पुस्तक आणि पान्हा हे वैरी नाहीत. डॉ. जे. पी. नाईक यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञाने आपल्या गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारले, तिथेच ग्रामीण अभियांत्रिकीचे शिक्षणही सुरू झाले. आपली मुले तिथल्या दारात जातील तेव्हा यंत्र पाहून बिचकू नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.

प्रत्येक घराने असा ट्रक घ्यावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कर्ज काढून तर नकोच. दहा घरांनी मिळून एक घ्यावा. तेही जमत नसेल तर बंद पडलेला पंखा किंवा मोडकी सायकल मुलांपुढे ठेवावी. पंख्याची वायर आधी प्लगमधून काढावी आणि जवळ मोठे माणूस बसावे. खोलू द्यावे, जोडू द्यावे, आणि हत्यार मुलीच्या हातातही आठवणीने द्यावे.