हुकूमशहाने वारस नेमला नाही

पुंडलिकनगरातील संगणकाचा विद्यार्थी जिच्यात धडे गिरवतो, ती ‘पायथॉन’ भाषा खासगी मालमत्ता नव्हे. तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी. कारभार मात्र प्रदीर्घ काळ एकतंत्री होता. १९९१ मध्ये ती प्रसिद्ध करणारे गुइडो व्हान रॉसम यांचा शब्द अखेरचा. ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ हे त्यांचे कौतुकाचे बिरुद! जुलै २०१८ मध्ये एका वादाला विटून ते पायउतार झाले, तेही वारस न नेमता. आपल्या सहकारी साखर कारखान्यांत असे क्वचितच घडते.

सहकाऱ्यांनी ७ आराखड्यांवर मतदान घेतले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ५ जणांचे सुकाणू मंडळ निवडले. एका कंपनीचे २ हून अधिक नोकर त्यात नसावेत, दोन-तृतीयांश मतांनी ते बरखास्त व्हावे, अशी कलमे घातली. सामाईक मालमत्तेत भांडवल पगाराच्या वाटेने शिरते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

तरीही मताधिकार मूठभर गाभा-विकासकांनाच आहे. पुंडलिकनगरच्या विद्यार्थ्याला भाषा फुकट मिळते, मत नाही. ते हवे तर वर्षानुवर्षे विनावेतन दुरुस्त्या पाठवाव्यात. मग जुन्या सदस्यांची दोन-तृतीयांश मते मिळवावीत. पोटासाठी राबणाऱ्याने ही सवड कोठून आणावी?