जाहिरातीचा पहिला वाचक

जाहिरातलेखनाची चर्चा निघाली की ‘समतोल’ हा शब्द हमखास पुढे केला जातो. एका पारड्यात पैसे मोजणाऱ्या जाहिरातदाराची आवड, दुसऱ्यात बाजारातील परिणामकारकता, आणि काटा सांभाळणारा लेखक, असे हे चित्र आहे. ते समंजस वाटते. वस्तुतः फसवे आहे. तोलायच्या गोष्टी एका जातीच्या असाव्या लागतात. येथे त्या तशा नाहीत.

जाहिरातीच्या संहितेला दोन वाचक असतात. वस्तू विकत घेणारा ग्राहक हा तिचा अभिप्रेत वाचक. परंतु तिचा पहिला वाचक जाहिरातदार असतो आणि त्याच्या पसंतीवाचून ती दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. साहजिकच लेखक नकळत पहिल्यासाठी लिहू लागतो. मग कारखान्याचा इतिहास, मालकाचा अभिमान आणि विशेषणांची आरास यांनी मजकूर भरून जातो. ज्याला साबण हवा आहे, त्याला तो परक्या लग्नातील आहेराच्या यादीसारखा वाटतो.

मराठीत हा पेच अधिक बिकट होतो. मोठ्या जाहिरातींचा मूळ मजकूर बहुधा इंग्रजीत वा हिंदीत सिद्ध होतो, मान्यता त्याला मिळते आणि मराठीच्या वाट्याला भाषांतर येते. मराठी न जाणणाऱ्या जाहिरातदारासाठी तेही पुन्हा इंग्रजीत उलटवून दाखवावे लागते. या कसोटीला अभिधा तेवढी उतरते. लक्षणा आणि व्यंजना वाटेतच गळतात. म्हण, श्लेष, बोलीचा हेल नापास होतो आणि शब्दाला शब्द ठेवलेले निर्जीव वाक्य उत्तीर्ण होते. ग्राहक ज्या भाषेत घासाघीस करतो, तिचा निवाडा तिच्याबाहेर बसून केला जातो.

लेखकाची बाजू निर्दोष आहे, असे मात्र नाही. शब्दखेळ लक्षात राहतो आणि वस्तूचे नाव विसरले जाते, तेव्हा त्यानेही स्वतःच्या आवडीलाच बाजार मानलेले असते. वस्तूत काय आहे, किंमत किती, कोणते वचन पाळता येईल, हे जाहिरातदारच सांगू शकतो; तेथे त्याचा शब्द अखेरचा असला पाहिजे. ते कोणत्या उक्तीने सांगावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे जात नाही.

ही विभागणी व्यवहारात टिकत नाही, हा आक्षेप खरा नाही. १९६६ मध्ये अमूल लोण्याच्या जाहिरातीचे काम सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांच्याकडे आले, तेव्हा व्हर्गीस कुरियन यांनी पूर्वसंमतीशिवाय मजकूर प्रसिद्ध करण्याची मोकळीक दिली. ताज्या घटनेवरील विनोद प्रत्येक वेळी संमतीसाठी थांबला असता, तर तो शिळा होऊनच फलकावर चढला असता. त्या मोकळिकीने लोण्याचे नुकसान झाले नाही.

अरुण कोलटकरांसारख्या कवीची उपजीविका जाहिरातक्षेत्रात झाली. तरीही या क्षेत्राची भाषा मराठी समीक्षेला साहित्यबाह्य वाटत आली. कवितासंग्रह कधीही न उघडणारा माणूसही रस्त्यावरचा फलक रोज वाचतो. त्या फलकावरील मराठीचा निवाडा समीक्षा करणार नसेल, तर तो जाहिरातदाराच्या बैठकीतच होत राहील.