माफी मिळाली, पुढं काय?

मंडळी, बांधाच्या भांडणाला गावात कधी तोटा नसतो. नांगर दरसाल वीतभर पलीकडं सरकतो. मग एके रात्री बांधावरचं आंब्याचं झाड आडवं होतं आणि तालुक्याच्या खेपा सुरू होतात. भावाभावांत बोलणं बंद, जावाजावांत हळदीकुंकू बंद. पोरं एकाच शाळेत जातात, पण घरी येताना वाटा वेगळ्या धरतात.

पुढं वय उतरतं. रक्ताची ओढ सुटत नाही. कुणाच्या तरी आजारपणात चुकलेला भाऊ उंबऱ्याशी येतो, "माझं चुकलं रे" म्हणतो. दुसरा त्याला बसायला पाट देतो, घरात चहा टाकला जातो. चांगलं झालं. पण खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सुरू होते.

कारण माफीनं मन हलकं होतं, तोडलेलं झाड उभं राहत नाही. नवं कलम लावलं तरी फळ धरायला चार-पाच वर्षं जातात, कोयीच्या झाडाला त्याहून जास्त. वकिलाला दिलेला पैसा गेला तो गेलाच. थोरल्या चुलत्याविना पार पडलेलं पुतणीचं लग्न काही पुन्हा लागत नाही.

आपल्या आयाबायांनी वाल्याची गोष्ट सांगताना रांजणातले खडे कधी गाळले नाहीत. वाल्याचा वाल्मीकी झाला, पण मेलेली माणसं परत आली नाहीत. घरच्यांनी पापात वाटा घेतला नाही. ते ओझं ज्याचं त्यालाच वाहावं लागलं.

म्हणून ज्याच्या हातून चूक झाली त्यानं "मी माफी मागितली, आता वहिनी तोंड का फिरवते?" असं विचारू नये. तिनं बारा वर्षं सोसलंय. तिला तिचा वेळ घेऊ द्यावा. आपण आपलं काम करावं. मोजणी करून घ्यावी, सरकलेला बांध मूळ जागी घालावा, झाड लावावं आणि चार उन्हाळे त्याला पाणी घालावं.

ज्यानं माफ केलं त्यानंही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. माफ करणं म्हणजे आपला हक्क सोडणं नव्हे. मनात राग नसतानाही मोजणी मागता येते. आणि एकदा माफ केल्यावर दर सणाला जुनं उकरून पुतण्यांना टोमणे मारू नयेत. चूक त्यांच्या बापाची होती, त्यांची नव्हे.

समेट कागदावरही आणावा. दोन शेतकऱ्यांच्या जमिनी निदान 12 वर्षं एकमेकांच्या ताब्यात असतील, तर अदलाबदलीच्या दस्तासाठी राज्य सरकारनं 2023 साली 'सलोखा योजना' आणली. मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये, एवढंच ठेवलं. तुमच्या बाबतीत ती लागू पडते का, हे आपल्या तलाठी भाऊसाहेबांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना विचारावं. तोंडी समेट आपल्याबरोबर जातो. सातबारा पोरांच्या हाती राहतो.

वहिनी कदाचित यंदाही बोलणार नाही. म्हणून झाडाचं पाणी चुकवू नये. पहिला पाड लागेल तेव्हा टोपली आधी तिच्या दारी पोचवावी आणि काही न बोलता परत यावं.