मांडवीतील द्यूत आणि कोल्हापूरचा पैसा

महाभारताच्या सभापर्वात एक नव्हे, दोन द्यूते आहेत, याचा अनेकांना विसर पडतो. पहिल्या द्यूतात धर्मराज राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि शेवटी द्रौपदीलाही हरला. स्वतःला आधीच गमावून बसलेल्या पुरुषाला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, या द्रौपदीच्या प्रश्नापुढे भीष्मांसह सारी सभा निरुत्तर झाली. धृतराष्ट्राने गमावलेले सर्व काही परत दिले आणि पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. ते वाटेत असतानाच हस्तिनापुराहून पुन्हा बोलावणे आले आणि धर्मराज रथ वळवून परत गेला. वनवास पदरी पडला तो या दुसऱ्या डावाने.

आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी या मार्गाने शनिवारी कोल्हापुराहून पणजीला जाणाऱ्या आणि सोमवारी पहाटे परतणाऱ्या तरुणांपैकी कितीजण त्या दुसऱ्या डावाला निघालेले असतात, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. पणजीच्या मांडवी किनाऱ्यावर ‘एमएच ०९’ क्रमांकाच्या गाड्या दिसणे यात आता कोणालाच नवल वाटत नाही. उसाचे बिल जमा झालेले असते, गुजरीत एखादा सौदा साधलेला असतो, उद्यमनगरातील कारखानदाराला थकलेली रक्कम मिळालेली असते. ज्या शहरात ‘नाद खुळा’ हे कौतुकाचे बोल आहेत, तेथे एका रात्रीचा नाद कोणी मनावर घेत नाही. घरात मात्र तो मनावर घेतला जातो, आणि तोही बहुधा बँकेची नोटीस दारी आल्यावर.

द्यूतगृहात किती पैसा हरला जातो, याची चर्चा नेहमी होते. जुगाराचा पैसा नौकेवर चढवण्यासाठीच किती मोल द्यावे लागते, याची चर्चा क्वचित होते. खरे गणित तेथे आहे. नौकेवर प्रवेशासाठी हजारो रुपयांचे ‘पॅकेज’ घ्यावे लागते. त्यानंतर रोख रकमेच्या चकत्या, म्हणजे चिप्स, घ्यायच्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून या चकत्यांच्या पूर्ण दर्शनी मूल्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने हा दर ४० टक्क्यांवर नेला आणि २२ सप्टेंबरपासून तो अमलात आला. कर वर जोडला, तर एक लाख रुपयांच्या चकत्यांवर चाळीस हजार रुपये पहिला फासा पडण्यापूर्वीच गेले! शिवाय नियम असा, की न खेळलेल्या चकत्या परत करून पैसे घेतले तरी त्यावरील कराची वजावट मिळत नाही. चुकून जिंकलाच, तर जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकर ३० टक्के दराने, अधिभार वेगळा. आणि त्यातून आदल्या रात्रीचा तोटा वजा करण्याची सोय नाही. परदेशी पर्यटननौकांवर खोलीच्या खात्यातून जुगारासाठी पैसे उचलले तर काही टक्के सेवाशुल्क आकारतात, आणि त्यावर तेथील प्रवासी कुरकुर करतात. मांडवीतील नौकेवर चढणाऱ्याला कुरकुर करण्याचेही भान नसते.

हा कर लावला म्हणून सरकारला दोष देणे अन्यायाचे होईल. व्यसनावर जबर कर असावा, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु कर भरल्याने व्यसन शुद्ध होत नाही, आणि ज्याच्या खिशातून तो जातो, तो बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा पैसा नसतो. चाळीस टक्के चुकवण्यासाठी मग रोखीचे आडमार्ग शोधले जातात आणि खाजगी सावकाराकडून उचल घेतली जाते. महिन्याच्या शेकड्याने व्याज मोजणाऱ्या या सावकाराला कायद्याचे भय नाही काय? आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल आहे, आणि मुंबई प्रांताने १८६५ साली केलेला कायदा तर त्याहून पुढे गेला होता. पैजेला पूरक म्हणून केलेले करारही त्याने रद्दबातल ठरवले. म्हणून जुगाराची उधारी जुगाराची म्हणून कोणी लिहीतच नाही. कोरा धनादेश, जमिनीचे साठेखत, मुलीच्या लग्नासाठी जपलेले सोने, हीच तिची कागदपत्रे. न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, अशीच सगळी तजवीज.

हे सारे गोव्यात आले कसे, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९७६ साली, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, गोवा, दमण व दीव विधानसभेने सार्वजनिक जुगारास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच वर्षी महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा, म्हणजेच प्रत्यक्षात कॅसिनोंना वाट करून देणारा, कायदा केला. एकाच वर्षी दोन शेजारी, एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून! पुढे घडले मात्र विपरीत. महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. अधूनमधून पर्यटनवाढीच्या नावाखाली तो जिवंत करण्याचे सल्ले दिले जात होते. त्यांना कोणत्याही सरकारने भीक घातली नाही, हे महाराष्ट्राच्या राजकारणाला भूषणावहच म्हटले पाहिजे. गोव्यात मात्र १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना परवानगी मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने नौकांवर पटावरचे जुगार खुले झाले. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पहिली जुगारनौका मांडवीत उभी राहिली. तिचे नाव ‘कॅरावेला’, म्हणजे पोर्तुगीज दर्यावर्दी ज्या जातीच्या गलबतांतून जग लुटायला निघाले, त्या गलबताचे नाव. १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झालेल्या भूमीत हे नाव निवडणाऱ्याला इतिहासाची जाण होती की नव्हती, हे सांगणे कठीण आहे.

कायद्यात नौका समुद्रातल्या होत्या. प्रत्यक्षात त्या राजधानीच्या तोंडाशी, नदीच्या पात्रात नांगरल्या गेल्या. आज तेथे अशा सहा नौका आहेत. विरोधी पक्षात असताना मनोहर पर्रीकर आणि त्यांचे सहकारी या नौकांविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, हे गोमंतकीय विसरलेले नाहीत. २०१२ साली सत्ता मिळाल्यावर नौका हलवण्याच्या मुदतींवर मुदती वाढत गेल्या, हेही ते विसरलेले नाहीत. राष्ट्रीय विचारांच्या माणसाने हा प्रश्न परक्यांना विचारण्यापूर्वी आपल्यांना विचारला पाहिजे. परवान्याच्या शुल्कातून मिळणारे कोट्यवधी रुपये आणि त्यावर पोसलेला रोजगार यांची अडचण खरी आहे. पण अडचण सांगणे म्हणजे उत्तर देणे नव्हे.

आणि आता सर्वांत बोचणारी गोष्ट. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना या द्यूतगृहांत प्रवेश बंद करण्यात आला. मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांचा हा निर्णय गोव्याच्या दृष्टीने स्वागतार्ह होता, त्यात शंका नाही. आपल्या घरातील पोरांना या आगीपासून दूर ठेवावे, असे कोणत्या कारभाऱ्याला वाटणार नाही? परंतु या निर्णयाचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. हे विष आहे, हे सरकारनेच मान्य केले. आणि ते मान्य करून शेजाऱ्याच्या पोरांसाठी पान वाढून ठेवले. डिचोलीच्या तरुणाला जे घातक, ते गडहिंग्लजच्या तरुणाला मनोरंजन कसे ठरते? बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली येथील मराठी कुटुंबांचे गोव्याशी सोयरसंबंध आहेत. कोल्हापूरची अंबाबाई गोमंतकातील घराघरांत पूजली जाते आणि मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनाला कोल्हापूरकर जातात. त्या वाटेवर ‘पर्यटक’ या एका शब्दाने नात्याचा अर्थ बदलून जावा, हे दुःखद आहे.

गोव्यानेच हे केले असे नाही. मोनॅकोच्या नागरिकांना माँटे कार्लोच्या द्यूतगृहात खेळता येत नाही. नेपाळमधील कॅसिनोंत नेपाळी नागरिकाला मज्जाव, भारतीयाचे स्वागत. सिंगापूरने निदान वेगळी रीत ठेवली. तेथील नागरिकांना प्रवेशासाठी २०१० पासून दिवसाला १०० डॉलर द्यावे लागत. एप्रिल २०१९ मध्ये ते १५० करण्यात आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जुगारामुळे घर मोडकळीस येत असेल तर पत्नीला किंवा आईवडिलांना अर्ज करून त्या व्यक्तीचा प्रवेश थांबवण्याची तेथे सोय आहे. कुटुंबाला तोंड दिले, एवढे तरी त्या राज्याने केले.

जुगाराचे समर्थक येथे हटकून दीपावलीच्या पाडव्याचा दाखला देतात. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात, शंकर-पार्वतीही सारीपाट खेळले, मग हिंदूंना जुगाराचे वावडे कसले? हा युक्तिवाद अर्धवट आहे. वर्षातील एक दिवस, घरातील मंडळी, कवड्या आणि सोंगट्या, आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज. त्याची तुलना चोवीस तास पेटलेल्या, घड्याळ नसलेल्या दिवाणखान्याशी करणे म्हणजे देवघरातील समईची तुलना वणव्याशी करणे होय. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची जी दैना आहे, पत्नीने दूर लोटले, सासू तिटकारा करते, घरच्यांनी ओळख नाकारली, ती हजारो वर्षांनंतरही कोल्हापूरच्या कोणत्याही पेठेत जशीच्या तशी सापडेल.

आपल्या शास्त्रकारांत या प्रश्नावर मतभेद होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मनूने द्यूताला उघड चोरी म्हटले आणि राजाने ते राज्यातून हद्दपार करावे, असे सांगितले. याज्ञवल्क्याने ते सभिकाच्या देखरेखीखाली चालू देऊन राजाचा भाग ठरवला. कौटिल्य सर्वांत व्यवहारी. द्यूताध्यक्षाने एकाच ठिकाणी खेळ चालवावा, अन्यत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड करावा, जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावे, शिवाय फाशांचे भाडे, पाण्याचे व जागेचे शुल्क वेगळे. आजच्या नौकेचे दरपत्रकच जणू! पण कौटिल्याचा हेतू तिजोरीपुरता नव्हता. चोर आणि गुप्तपणे उपजीविका करणारे लोक एका जागी सापडावेत, त्यांच्यावर डोळा ठेवता यावा, हा त्यातला मुख्य भाग. पैसा कोठून आला, हे विचारणारा अध्यक्ष त्याला हवा होता. मांडवीत शुल्क आहे, अध्यक्षही आहे. हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात नेमका हाच वारसा समोर ठेवला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी अक्षसूक्तापासून स्मृतींपर्यंतचे दाखले देत निर्वाळा दिला, की जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे. म्हणजे ‘आमच्या धंद्याचा हक्क’ असे म्हणण्याची सोय नौकामालकांना नाही. जुगार हा विषय राज्यसूचीत आहे आणि त्यामुळे निर्णय गोवा विधानसभेच्या हाती आहे, हे खरे. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली, ती उद्ध्वस्त होणाऱ्या कुटुंबांकडे बोट दाखवूनच. मोबाइलवर हरलेला पैसा कुटुंब बुडवतो आणि नौकेवर हरलेला बुडवत नाही, असे तर कोणी म्हणणार नाही!

या करातून महाराष्ट्राच्या वाट्याला थेट काही येत नाही. राज्याचा हिस्सा गोव्याला मिळतो. महाराष्ट्राला मिळतात ती विकलेली शेते आणि सावकाराच्या दारातील कुटुंबे. तेव्हा याविषयी बोलण्याचा अधिकार महाराष्ट्र शासनाला आहे आणि ते कर्तव्यही आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, खासबागचे मैदान बांधले. पेठापेठांतील त्या तालमी आजही गणेशोत्सवापासून महापुरापर्यंत शेकडो तरुण एका हाकेत उभे करतात. गल्लीतील कोणता पोरगा दर पंधरवड्याला पणजीला जातो, हे पोलिसांच्या आधी तालमीला ठाऊक असते. पतसंस्थांच्या संचालकांनाही ठाऊक असते; घरतारणाच्या अर्जावर ‘व्यवसायवृद्धी’ हे कारण लिहिलेले असले तरीही.

गोवा सरकारला तर फार मोठी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. गोमंतकीय कोण आणि परका कोण, हे ठरवण्यासाठी प्रवेशद्वारावर ओळखपत्र पाहावेच लागते. त्याच खिडकीवर आणखी एक यादी ठेवता येईल. ज्यांच्या पत्नीने किंवा आईवडिलांनी लेखी अर्ज केला आहे, अशांची, मग ते फोंड्याचे असोत की कागलचे. तो अर्ज स्वीकारायला कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक टेबल आणि तो पणजीला पोहोचवायला दोन सरकारांमधील एक पत्र, एवढेच त्यासाठी लागेल.